तेजीनंतरचा हिशेब

आमच्या घरात १८६५ सालाला कुणी आकड्यानं ओळखलं नाही. ते ‘पाटल्या गेल्या ते वर्ष’. आप्पांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, आजोबा तेव्हा कुलाब्याच्या कापसाच्या वखारीत गासड्या मोजून नोंदायचं काम करीत. पगार बेताचा, बिऱ्हाड गिरगावात. शेजारच्या खोलीतला एक सोबती महिन्याभरात घोडागाडीतून फिरायला लागला आणि यांचं चित्त थाऱ्यावर राहिनासं झालं. बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या. त्या पैशांत समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या एका कंपनीच्या कागदात चौघांनी मिळून भाग घेतला. जुलै उजाडला तेव्हा कागद हातात होता, पण त्याला घेणारा उरला नव्हता.

गोष्ट एवढीच. पण ती सांगणारे दोघे होते आणि दोघांच्या दोन तऱ्हा होत्या. आजी सांगायची ती पाटल्यांची गोष्ट. त्या बाईनं पुढं जन्मभर हातात काचच घातली आणि सुनेच्या लग्नातही कुणाचे दागिने उसने मागितले नाहीत. आप्पा सांगायचे ती त्या काळच्या बड्या दलालाची, प्रेमचंदशेठांची, गोष्ट. त्यांच्या सांगण्यात पाटल्या कधी आल्याच नाहीत.

याचं कारण होतं. आप्पा स्वतः दलाल स्ट्रीटवरच्या एका पेढीत मेहताजी होते. सट्ट्यानं पोळलेल्या घरातला मुलगा त्याच गल्लीत नोकरीला जातो हे थोरल्यांना रुचलं नव्हतं. तरी पगार वेळेवर यायचा, म्हणून बोलणं तिथंच थांबलं. लहानपणी शनिवारी मी त्यांच्याबरोबर पेढीवर जायचो. लाकडी जिना, वर बसकी खोली, पांढरी खोळ घातलेली गादी, तक्के आणि भिंतीला लागून लाल कापडात बांधलेले चोपडे. बाजारातून परतलेला शेठचा माणूस एक छोटी वही आप्पांपुढं टाकायचा. ती सौदावही. रिंगणात ओरडत, धक्के खात, शिसपेन्सिलीनं केलेल्या नोंदी होत्या त्या: कुणाकडून घेतलं, कुणाला दिलं, किती, काय भावानं. अक्षर असं की मला एक ओळ लागत नसे. आप्पा संध्याकाळी ते सगळं शाईनं उतरवायचे. मग समोरच्या पेढीचा मेहताजी यायचा आणि दोघं सौदे मिळवायला बसायचे. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं. एखादा आकडा जुळला नाही की ‘बरोबर’ थांबायचं आणि खोलीतले सगळे वळून बघायचे. तो जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे. पैशाच्या धंद्यात विश्वास नावाची गोष्ट कशी तयार होते ते मी त्या खोलीत पाहिलं.

त्या खोलीत प्रेमचंद रायचंद हे नाव अदबीनं घेतलं जायचं. मृत्यूला पन्नासएक वर्षं झाली होती, तरी कुणी नुसतं ‘प्रेमचंद’ म्हणत नसे. सुरतेहून लहानपणी मुंबईत आलेला जैन घरातला मुलगा. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे पहिले देशी दलाल म्हणून त्यांची ओळख. त्या काळी टाउन हॉलसमोरच्या वडाखाली उभं राहून दलाल सौदे करीत. आप्पा सांगायचे, विलायतेची बोट बंदराला लागायच्या आधीच प्रेमचंदशेठांच्या होड्या तिला गाठायच्या, टपाल उतरवून आणायच्या आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव बाजाराला कळायच्या आत शेठला ठाऊक असायचा. ही गोष्ट मी पुढं अनेकांकडून ऐकली. प्रत्येकाच्या तोंडी होड्यांची संख्या वाढत गेली आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि दक्षिणेतली बंदरं अडवली गेली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला तोंडाला येईल तो भाव मिळू लागला. चार वर्षांत सात-आठ कोटी पौंडांची जादा कमाई मुंबईत उतरली असा अंदाज जुन्या लेखकांनी केला आहे. एवढा पैसा ठेवायचा कुठं? शहरात तेव्हा गिरण्या थोड्या, जमीन थोडी. म्हणून कंपन्या निघाल्या. बँका निघाल्या, ‘फायनान्शिअल’ म्हणवणाऱ्या मंडळ्या निघाल्या, समुद्र हटवणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६० च्या सुमारास साठेक दलाल होते, ते दोन-तीन वर्षांत दोन-अडीचशेवर गेले. बॅकबेच्या भरावाच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेल्याचं सांगतात. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचं. म्हणजे मराठीत या शहराचं पहिलं मोठं चित्र काढलं गेलं ते नेमकं या भरतीच्या वेळी. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. माणसं बाहेरून नुसती लोटत होती.

आप्पांच्या गोष्टीत इथं एक चिठ्ठी यायची. प्रेमचंदशेठ कागदाच्या कपट्यावर दोन ओळी लिहीत आणि त्या कपट्यावर बँक लाखाचं कर्ज देई. लहानपणी मला ही जादू वाटायची. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की ही जादू कायद्यानं मोकळी करून दिली होती. बॉम्बे बँकेत सरकारचंही भांडवल होतं आणि तिच्या व्यवहाराला कडक बंधनं होती. १८६३ च्या कायद्यानं ती सैल झाली आणि शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची वाट उघडली. बँकेचा सचिव ब्लेअर प्रेमचंदशेठांच्या शब्दाबाहेर नव्हता. मग बँकेच्या पैशानं शेअर घ्यायचे, ते शेअर बँकेकडेच तारण ठेवायचे आणि त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, असं रहाटगाडगं सुरू झालं. पोहरा भरून वर येत होता तोवर विहिरीत पाणी किती हे कुणी बघितलं नाही.

मे १८६५ च्या सुरुवातीला अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी मुंबईत पोचली. कापूस कोसळला. पण खरा वार पडला तो १ जुलैला. महिनोन्महिने आधी केलेले वायद्याचे सौदे त्या दिवशी पुरे करायचे होते. घेणाऱ्यानं पैसे मोजायचे, देणाऱ्यानं कागद द्यायचे. पैसे कुणाकडेच नव्हते. बॉम्बे बँकेचा जो शेअर २,८५० रुपयांवर चढला होता तो पुढं ८७ रुपयांना मिळू लागला. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. भांडवल जवळजवळ सगळं बुडालं होतं. त्याच नावाची नवी बँक उभी राहिली, तीच पुढं इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत मिसळली.

बुडणाऱ्यांत नुसते सटोडिये नव्हते, आणि हेच मला सर्वांत लागतं. डॉक्टर भाऊ दाजी लाड गोव्याच्या मांद्र्यातून आलेले. गरिबांना फुकट औषध देणारे, महारोगावर उपाय शोधणारे, शिलालेख वाचणारे. त्यांनी आयुष्यभराची कमाई या लाटेत घालवली आणि उरलेली वर्षं त्या ओझ्याखाली काढली. जमशेटजी टाटा तेव्हा ऐन पंचविशीतले, विलायतेत होते. कापसावर उभ्या केलेल्या हुंड्यांचं मोल संपलं आणि त्यांना सावकारांना तोंड द्यावं लागलं. जगन्नाथ शंकरशेट ३१ जुलै १८६५ ला वारले, म्हणजे त्या काळ्या दिवसानंतर महिन्यानं. शहराला उभं करणारा एक माणूस गेला तोच शहर असं कोसळलेलं असताना. पुढच्या, १८७२ च्या शिरगणतीत वस्ती ६,४४,४०५ झाली. पावणेदोन लाखांची तूट आली. दोन्ही वेळच्या मोजणीची पद्धत सारखी नसेल, तरी रिकाम्या खोल्या खोट्या नव्हत्या.

प्रेमचंदशेठही बुडाले. पण तेजीच्या ऐन भरात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख देऊ केले होते. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव द्यायची इच्छा होती. काम सुरू झालं १८६९ मध्ये, पुरं झालं १८७८ मध्ये. देणारा तोवर दिवाळखोरी पाहून आला होता. राजाबाईंना वयोमानानं दिसत नसे, सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैनांचा नेम चुकू नये म्हणून त्यांना टोले ऐकू यावेत अशी ही योजना, असं आप्पा सांगायचे आणि मुंबईत घरोघर सांगतात. खरं-खोटं कसंही असो, ओव्हल मैदानावर मी क्रिकेट खेळताना टोले पडले की आप्पा हटकून म्हणायचे, “बाळ, पैसे गेले, पण शब्द गेला नाही.” आणि इथं त्यांची गोष्ट संपायची. आजीची पाटल्यांवर संपायची, आप्पांची टोल्यांवर. दोघांनाही पुढं काही घडलं असं वाटत नव्हतं.

घडलं होतं. आणि ते मला सांगितलं तिसऱ्याच एका म्हाताऱ्यानं, त्याच्या पुस्तकांतून. चर्चगेटजवळून जाणाऱ्या मुंबईकराला दिनशा वाच्छा हे नाव रस्त्याच्या पाटीमुळं ठाऊक असतं. जवळच त्यांचा पुतळा आहे. ऑगस्ट १८४४ मध्ये जन्मलेले दिनशा सट्ट्याच्या काळात विशीच्या आसपासचे होते, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले. तरुणपणी त्यांनी नोकरी केली ती बॉम्बे बँकेत, त्याच बँकेत. नंतर ते हिशेबतपासनिसांच्या कचेरीत गेले. म्हणजे ज्या वयात माणसाला पैशाची हाव शिकवली जाते त्या वयात त्यांनी बुडालेल्या पैशाच्या वह्या वाचल्या. दलाली करून नगरकारभारात शिरलेले कितीतरी या शहरानं पाहिले. वाच्छांची वाट त्याच गल्लीतून निघाली, पण दलालांचे सौदे जिथं फुटले तिथल्या चोपड्यांतून. पुढं ते कापड गिरण्यांच्या धंद्यात गेले आणि मुंबई महापालिकेत तीसएक वर्षं बसले.

ती महापालिका कशी झाली हे त्यांच्यामुळं मला कळलं. १८६५ मध्ये, सट्टा कोसळला त्याच वर्षी, मुंबईच्या कारभारासाठी नवा कायदा लागू झाला. शहराचे जस्टिस ऑफ द पीस एकत्र मिळून मालक, आणि कारभार चालवायला एक म्युनिसिपल कमिशनर. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. क्रॉफर्डसाहेब कर्तबगार होते, यात शंका नाही. त्यांनी गटारं काढली, रस्ते रुंद केले, कचरा हलवला. १८६९ मध्ये उभं राहिलेलं मार्केट आजही त्यांच्याच नावानं ओळखतात, महात्मा फुले यांचं नाव दिल्यानंतरसुद्धा. पण पैसा लागायचा तेव्हा ते मागचं-पुढचं पाहात नसत. जमा कमी, खर्च जास्त, आणि मधली तूट पुढच्या वर्षावर. हिशेब जस्टिसांनी तपासायचा, पण जस्टिस सरकारनं नेमलेले, शेकड्यांनी असलेले, आणि त्यातले बरेच सभेला न येणारे. वर करदाते बुडालेले. घर उभं आहे पण भाडेकरू गावी निघून गेलेत, आणि घरपट्टीची नोटीस मात्र दारावर.

ज्या माणसांनी नुकतंच बँकेचं दप्तर रिकामं झालेलं पाहिलं होतं, त्यांना शहराचं दप्तरही तसंच होईल ही धास्ती बसली. १८७१ पर्यंत तिचं चळवळीत रूपांतर झालं. जेम्स फोर्ब्ज, नवरोजी फर्दुनजी, आपले विश्वनाथ नारायण मंडलिक ही मंडळी पुढं होती. मागणी सरळ होती: एका माणसाच्या हाती शहराची तिजोरी नको. क्रॉफर्डना जावं लागलं. पुढं १८८८ मध्ये पुण्यात त्यांच्यावर लाचेचं प्रकरण झालं, आणि लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लढवली. पण ती वेगळी कथा.

त्या गदारोळात नोव्हेंबर १८७१ मध्ये धोबी तलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एका सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टरनं भाषण केलं. फिरोजशहा मेहता. सभा क्रॉफर्डविरुद्ध तापलेली, आणि हे म्हणाले की दोष कमिशनर या पदाचा नाही. कारभारी एकच हवा, त्याला अधिकारही हवेत. दोष आहे तो त्याला जाब विचारणाऱ्यांत, कारण त्यांना लोकांनी निवडलेलं नाही. श्रोत्यांनी हुर्यो केली. मला त्या भाषणाचं मोल मोठं वाटतं. चिडलेल्या गर्दीला खलनायक हवा असतो, आणि तो हाताशी असताना रचनेबद्दल बोलायला धैर्य लागतं. १८७२ चा कायदा आला तो बराचसा त्या दिशेनं: ६४ सभासद, त्यातले अर्धे करदात्यांनी निवडलेले, पाव जस्टिसांनी, पाव सरकारनं. पैशावर नजर ठेवायला बारा जणांचं टाउन कौन्सिल, म्हणजे आजच्या स्थायी समितीची आई. १८७३ मध्ये पहिली निवडणूक झाली. १८८८ च्या कायद्यानं घडी पक्की केली, आणि तो कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजही मुंबई चालवतो.

या रचनेत वाच्छांनी आयुष्य घातलं. फिरोजशहा बोलायचे, वाच्छा आकडे मांडायचे, अशी ती जोडी होती. १९०१ मध्ये वाच्छा महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या काँग्रेसचेही. त्याआधी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढं हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला गोखले, दादाभाई, सुरेंद्रनाथ यांच्याबरोबर तेही होते. साम्राज्याच्या जमाखर्चावर बोलणारा हा माणूस पाण्याच्या नळाच्या आणि प्लेगच्या खर्चाच्या बाबीही तितक्याच आस्थेनं वाचत असे, हे मला त्यांचं थोरपण वाटतं. त्यांच्या नावाभोवती दंतकथा जमल्या नाहीत. होड्या नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, आईसाठी मनोरा नाही. अंदाजपत्रक वाचणाऱ्या माणसाची गोष्ट कोणता आजोबा नातवाला सांगणार?

पण वाच्छांनी मात्र दोन्ही गोष्टी सांगितल्या. १९१० मध्ये त्यांनी सट्ट्याच्या काळाचा आर्थिक इतिहास लिहिला. प्रेमचंदशेठ १९०६ मध्ये गेले. १९१३ मध्ये वाच्छांनी त्यांचं चरित्र लिहिलं आणि त्याच वर्षी मुंबईच्या नगरकारभाराच्या वाढीवरही पुस्तक काढलं. ही दोन्ही पुस्तकं मी शेजारी ठेवून वाचली. सत्तरीजवळ पोचलेल्या त्या हातानं शहर बुडवणाऱ्या तेजीचा नायकही लिहिला आणि त्या बुडण्यातून उभी राहिलेली सभाही. नायकाबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा नाही. पडल्यावर पळून न जाता पुन्हा त्याच बाजारात उभा राहिलेला आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत दलाली केलेला माणूस म्हणून प्रेमचंदशेठांचं मोठेपण मीही मानतो. आप्पा चुकीचं सांगत नव्हते. फक्त शब्द पाळणारा एक मोठा माणूस असला की भागतं, अशी त्यांची समजूत होती. वाच्छांना त्याच्या जोडीला संध्याकाळी सौदे मिळवणारा समोरच्या पेढीचा मेहताजी हवा होता, शहराच्या पातळीवर.

मत मात्र सगळ्यांना नव्हतं. १८७२ च्या कायद्यानं मतदार होण्यासाठी वर्षाला पन्नास रुपये कर भरावा लागे. गासड्या मोजणाऱ्या आमच्या पूर्वजाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराहून ती रक्कम मोठी असणार. १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळालं; आमच्या खोलीचं भाडं त्याहून कमी होतं. १९४८ मध्ये महापालिकेला प्रौढ मतदान आलं तेव्हा कुठं आप्पांनी, आणि आजीनंही, शहराच्या कारभारासाठी पहिल्यांदा मत दिलं. मत मागायला आलेल्या उमेदवाराला आजीनं चाळीच्या सामाईक नळाला पहाटे किती वेळ पाणी येतं ते विचारलं होतं. त्याला सांगता आलं नाही. तिनं त्याला मत दिलं नाही, आणि हे ती पुढं अनेक वर्षं अभिमानानं सांगायची.

मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली नाही आणि पुढची कित्येक वर्षं आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहात राहिले. त्या काळातले आयुक्त वाईट होते असं मला म्हणायचं नाही. क्रॉफर्डही वाईट कारभारी नव्हते. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, देशातल्या काही राज्यांपेक्षा मोठा. तो प्रशासकांनी मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला. स्थायी समिती नव्हती, सभागृह भरत नव्हतं. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं, यातला दुसरा तिथं नव्हता. माझ्या वॉर्डात त्या वर्षी रस्त्याच्या काँक्रीटचं काम तीनदा उकरलं गेलं. खर्च कुठल्या बाबीत पडला ते विचारायला लोकांनी निवडून दिलेला कुणीही माणूस आम्हाला नव्हता.